बेळ्ळंदूरचे विलायती रहिवासी

बेंगळुरूच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर हे नाव देशभरातील वाचकांना ठाऊक झाले ते तेथील तळ्यामुळे. सुमारे ९०० एकरांवर पसरलेल्या या तळ्यातून कधी पांढरा फेस उसळून रस्त्यावर आला, तर कधी त्याच्या पाण्यावर आग लागली. मात्र बेळ्ळंदूरची आणखी एक ओळख आहे. सिल्क बोर्ड चौकापासून कृष्णराजपुरापर्यंत जाणाऱ्या बाह्यवळण रस्त्यावर, म्हणजेच आऊटर रिंग रोडवर, अमेरिकी व युरोपीय कंपन्यांच्या कचेऱ्यांची जी रांग उभी आहे, तिचा मध्य बेळ्ळंदूरच्या आसपास येतो. साहजिकच ब्रिटिश आणि अमेरिकी पारपत्र बाळगणारे अनेक जण याच परिसरात घर शोधतात.

परदेशात राहणारे ब्रिटिश आणि अमेरिकी नागरिक म्हटले की स्पेनचा समुद्रकिनारा, दुबईतील मनोरे किंवा मेक्सिकोतील निवांत गावे डोळ्यांपुढे येतात. बेळ्ळंदूरचे चित्र याहून वेगळे आहे. येथे निवृत्तीचे दिवस घालवायला फारसे कोणी येत नाही, उन्हासाठी तर नाहीच. हे लोक येथे कसे आले, कोणत्या कायद्याने राहतात आणि त्यांच्यातील बहुतेकांची आडनावे आपल्याला ओळखीची का वाटतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

जगभरातील चित्र

ब्रिटनमधील ‘इन्स्टिट्यूट फॉर पब्लिक पॉलिसी रिसर्च’ या संस्थेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार त्या वेळी सुमारे ५५ लाख ब्रिटिश नागरिक कायमस्वरूपी परदेशात राहत होते. त्यांपैकी सुमारे १३ लाख ऑस्ट्रेलियात, साडेसात लाखांहून अधिक स्पेनमध्ये, पावणेसात लाखांच्या आसपास अमेरिकेत आणि सहा लाख कॅनडात होते. त्याखालोखाल आयर्लंड, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका व फ्रान्स यांचा क्रमांक लागत होता. या यादीतील स्पेन आणि फ्रान्स वगळले, तर उरलेले सर्व देश इंग्रजी बोलणारे आणि पूर्वी कधी ना कधी ब्रिटिश अंमलाखाली असलेले आहेत. ब्रिटिश माणूस घर सोडतो तेव्हाही तो शक्यतो आपल्या भाषेच्या अंगणातच राहतो, असा याचा अर्थ.

स्पेनचा अपवाद उन्हाने आणि युरोपीय संघाच्या नियमांनी घडवला होता. संघाच्या सदस्य देशांतील नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात राहण्याचा हक्क असल्याने ब्रिटिश पेन्शनरांनी आलिकान्ते आणि मालागा या प्रांतांत घरे घेतली. ब्रिटन युरोपीय संघातून ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडले आणि त्या वर्षाच्या अखेरीस संक्रमणकाळही संपला. आधीपासून तेथे रीतसर राहणाऱ्यांचे हक्क कायम राहिले. परंतु नव्याने जाणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला आता व्हिसाविना १८० दिवसांत केवळ ९० दिवस राहता येते.

पेन्शनचा मुद्दा येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. ब्रिटिश सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते. पण ती वाढ परदेशातील प्रत्येक पेन्शनराला मिळत नाही. अमेरिका आणि युरोपीय संघातील देशांत राहणाऱ्यांना ती मिळते, तर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका आणि भारतात राहणाऱ्यांची पेन्शन ज्या आकड्यावर सुरू झाली त्याच आकड्यावर गोठते. त्यामुळे भारतात म्हातारपण काढू इच्छिणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला महागाईची झळ स्वतःच सोसावी लागते.

अमेरिकी नागरिकांची गणना याहून अवघड आहे. अमेरिकेच्या जनगणनेत परदेशस्थ सामान्य नागरिक मोजले जात नाहीत. त्यामुळे त्यांची एकूण संख्या कोण मोजतो आणि कशी मोजतो यावर अवलंबून ४० लाखांपासून ९० लाखांपर्यंत सांगितली जाते. सर्वांत मोठी वस्ती शेजारच्या मेक्सिकोत आहे, याबद्दल मात्र दुमत नाही. तेथील चापाला सरोवराकाठची गावे आणि सान मिगेल दे आयेंदे हे जुने शहर अमेरिकी निवृत्तांसाठी प्रसिद्ध आहे. कॅनडा, ब्रिटन, जर्मनी, इस्रायल आणि जपान येथेही त्यांची वस्ती मोठी आहे. जर्मनी आणि जपानमध्ये तिला लष्करी तळांची पार्श्वभूमी आहे.

भारताविषयीचे आकडे पाहिले तर प्रथमदर्शनी गोंधळ उडतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याने २००२ मध्ये भारतातील अमेरिकी नागरिकांची संख्या सुमारे ६० हजार धरली होती. पुढे २०१५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या कार्यालयाने काढलेल्या माहितीपत्रकात हाच आकडा सात लाख होता. दोन्ही अंदाज ढोबळ असल्याने त्यांची काटेकोर तुलना करता येणार नाही. तरीही अमेरिकी नागरिक म्हणजे गोरा साहेब, ही समजूत या सात लाखांना लागू पडत नाही, हे निश्चित. त्यांतील बहुसंख्य भारतीय वंशाचे आहेत आणि बेळ्ळंदूरची खरी गोष्ट येथूनच सुरू होते. त्याआधी बेंगळुरूतील जुन्या विलायती वस्तीकडे पाहणे आवश्यक आहे.

छावणीपासून व्हाइटफील्डपर्यंत

टिपू सुलतानाच्या पाडावानंतर इंग्रजी फौजेचा तळ प्रथम श्रीरंगपट्टण येथे होता. तेथील हिवतापाने सैनिक हैराण झाले आणि उंचावरील थंड हवेच्या बेंगळुरूची निवड झाली. १८०९ मध्ये तेथे छावणी वसली. पुणेकरांना ‘लष्कर’ किंवा कॅम्प म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. बेंगळुरूची छावणी त्याच जातकुळीची होती. एका बाजूला कन्नड, तेलुगू व मराठी कानावर पडणारी जुनी पेठ, दुसऱ्या बाजूला बंगले, चर्च, परेड मैदान आणि क्लब. दोहोंच्या मध्ये १८७० पासून कब्बन पार्कचा हिरवा पट्टा होता.

म्हैसूर संस्थानाचा कारभार १८३१ मध्ये इंग्रजांनी आपल्या हाती घेतला आणि १८८१ मध्ये तो राजघराण्याला परत केला. छावणी मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवली. १९४७ मध्ये ती म्हैसूरकडे आली आणि १९४९ मध्ये पेठ व छावणी यांची एकच महापालिका झाली. फ्रेझर टाऊन, कॉक्स टाऊन, रिचमंड टाऊन, बेन्सन टाऊन ही नावे आजही बसच्या पाट्यांवर दिसतात. तरुण लष्करी अधिकारी विन्स्टन चर्चिल १८९६ पासून पुढे जवळपास तीन वर्षे याच छावणीत नेमणुकीवर होता. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या बेंगलोर क्लबच्या वहीत त्याच्या नावावर १३ रुपयांची येणे बाकी आजही दाखवली जाते.

ब्रिटिशांच्या काळातील दुसरी वसाहत व्हाइटफील्ड. युरोपीय व भारतीय अशा मिश्र वंशाच्या अँग्लो-इंडियन समाजाने शेती करून स्वावलंबी व्हावे, या हेतूने डी. एस. व्हाइट यांनी पुढाकार घेतला. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वोडेयर यांनी १८८२ मध्ये सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. गोलाकार रस्त्याभोवती टुमदार घरे उभी राहिली खरी. पण शेतीने काही बाळसे धरले नाही. स्वातंत्र्यानंतर अनेक कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व कॅनडाला निघून गेली. त्यानंतर चार दशके पेंगुळलेल्या या गावाला १९९० च्या दशकात सिंगापूरच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या तंत्रज्ञान उद्यानाने जाग आणली.

ही जुनी वस्ती आणि आजची वस्ती यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. छावणीतील इंग्रज राज्यकर्त्या सत्तेच्या हुकमाने राहत होता. आजचा परदेशी माणूस भारत सरकारने दिलेल्या व्हिसावर राहतो आणि त्याची मुदत संपली की त्याला परतावे लागते.

तळ्यावर उतरलेली विमाने

बेळ्ळंदूर परिसराशी अमेरिकी लोकांचा संबंध संगणकाने आणला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तो विमानांनी आणला आणि त्यामागे सोलापूरचा एक उद्योजक होता. वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूत ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनीची स्थापना केली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले. यंत्रसामग्री व तांत्रिक मार्गदर्शनासाठी अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली यांचे साहाय्य घेण्यात आले आणि त्यांच्याबरोबर अमेरिकी अभियंते येथे आले. पुढे १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला. १९४३ मध्ये त्याची सूत्रे अमेरिकी लष्करी हवाई दलाकडे गेली आणि युद्ध संपेपर्यंत येथे त्यांच्या विमानांची दुरुस्ती होत राहिली.

विमानतळाच्या दक्षिणेला बेळ्ळंदूरचे विस्तीर्ण तळे होते. पाण्यावर उतरू शकणारी कॅटालिना जातीची विमाने या तळ्यावर उतरत आणि तेथून दुरुस्तीसाठी कारखान्यात नेली जात. ज्या पाण्यावर पुढे फेस आणि ज्वाळा दिसल्या, त्या पाण्यावर एके काळी अमेरिकी वैमानिक विमान उतरवत होते, यावर आज तेथून जाणाऱ्याचा सहजी विश्वास बसणार नाही.

कारखान्याची पुढे ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ ही सरकारी कंपनी झाली. प्रवासी विमानांसाठीही हाच विमानतळ वापरात होता. मे २००८ मध्ये देवनहळ्ळी येथे नवा विमानतळ सुरू झाल्यावर तो प्रवासी वाहतुकीसाठी बंद झाला. तोवर बेळ्ळंदूर भागात काम असलेल्या परदेशी पाहुण्याला विमानातून उतरून कचेरीत पोहोचायला फारसा वेळ लागत नसे. बाह्यवळण रस्त्यावर कंपन्यांनी गर्दी केली त्याचे हे एक विस्मरणात गेलेले कारण आहे.

रस्ता आणि कचेऱ्या

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने १९८५ मध्ये बेंगळुरूत केंद्र काढले, तेव्हा बेळ्ळंदूर हे भातशेती आणि भाजीपाल्याचे गाव होते. नव्वदच्या दशकात कंपन्या प्रथम इलेक्ट्रॉनिक सिटी आणि व्हाइटफील्ड या दोन टोकांना गेल्या. त्या दोन टोकांना जोडणारा बाह्यवळण रस्ता तयार झाल्यावर मधल्या गावांचे भाग्य, म्हणा किंवा प्राक्तन, पालटले. बेळ्ळंदूर, देवरबीसनहळ्ळी, कडुबीसनहळ्ळी ही नावे कंपन्यांच्या पत्रव्यवहारात झळकू लागली. सिस्को कंपनीने २००७ मध्ये कडुबीसनहळ्ळी येथे आपले पूर्वेकडील जागतिक केंद्र उघडले आणि कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी, डच नागरिक विम एल्फ्रिंक, कॅलिफोर्नियातून बेंगळुरूला राहायला आले. एवढ्या वरच्या पदावरील माणसाने मुख्यालय सोडून येथे बिऱ्हाड करणे, ही त्या काळी बातमी होती.

त्याच सुमारास अमेरिकेत नोकरी भारतात गेल्यामुळे बेकार झालेल्या माणसाला ‘बँगलोर्ड’ म्हणण्याची पद्धत पडली होती. एका बाजूने नोकऱ्या येत होत्या आणि त्या नोकऱ्या बसवून देण्यासाठी मागोमाग साहेबही येत होते. कंपनीने पाठवलेल्या अशा अधिकाऱ्याचा मुक्काम साधारण दोन-तीन वर्षांचा असतो. घरभाडे, मोटार, चालक आणि मुलांच्या शाळेचे शुल्क कंपनीच्या खात्यावर पडते. म्हणूनच तो घर निवडताना भाड्यापेक्षा शाळेचा विचार आधी करतो. बेंगळुरूतील आंतरराष्ट्रीय शाळा शहराच्या उत्तर व पूर्व कडेला विखुरल्या आहेत. कचेरी बेळ्ळंदूरला आणि शाळा येलहंक्याला, अशी वेळ आली की कुटुंबाचा अर्धा दिवस वाहतुकीत जातो. सरजापूर रस्ता आणि व्हाइटफील्डकडे परदेशी कुटुंबांचा ओढा आहे, त्याचे स्पष्टीकरण नकाशावर कचेरी आणि शाळा यांच्यात रेघ ओढली की मिळते. एकटे राहणारे तरुण मात्र इंदिरानगर किंवा कोरमंगला पसंत करतात.

कायदा काय सांगतो

ब्रिटिश किंवा अमेरिकी नागरिक भारतात कुठे राहील हे बऱ्याच अंशी भारताच्या व्हिसा नियमांनी ठरते. थायलंड किंवा फिलिपिन्सप्रमाणे भारतात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही. गोव्यात वर्षानुवर्षे हिवाळा घालवणारे ब्रिटिश पेन्शनर पर्यटक म्हणूनच येतात आणि त्यांच्या सलग मुक्कामाला मर्यादा असते. २००९ च्या अखेरीस, अमेरिकी नागरिक डेव्हिड हेडली याचे प्रकरण उघडकीस आल्यानंतर, पर्यटक व्हिसावरील दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे झाले. २०१२ मध्ये हा नियम शिथिल होईपर्यंत गोव्यातील अनेकांची ये-जा अडली. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला येथे घर विकत घेता येत नाही. गोव्यात अशा अनेक खरेद्यांची चौकशी झाली, हे कोकणातील वाचकांना आठवत असेल.

नोकरीसाठी येणाऱ्याला रोजगार व्हिसा लागतो. त्यासाठी वार्षिक वेतनाची किमान मर्यादा १६ लाख २५ हजार रुपये ठेवण्यात आली. परदेशी पद्धतीचा स्वयंपाक करणारे आचारी, इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक व भाषांतरकार आणि वकिलातींचे कर्मचारी यांना तिच्यातून सूट मिळाली. ज्या कामासाठी भारतात पात्र माणसे सहज मिळतात, त्यासाठी हा व्हिसा दिला जात नाही. बार्सिलोना किंवा बँकॉकमध्ये इंग्रजी शिकवून गुजराण करणारा ब्रिटिश तरुण बेळ्ळंदूरला आढळत नाही, याचे कारण हेच. भारतात येणारा परदेशी नोकरदार वरच्या वेतनश्रेणीतलाच असावा, अशी चाळणी कायद्यानेच लावली आहे.

१८० दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असलेल्या नागरिकाला आगमनानंतर १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावी लागते. हे काम २०१८ पासून इंटरनेटवरून होते. १९३९ आणि १९४६ च्या जुन्या कायद्यांची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून ‘आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५’ ने घेतली आहे.

पारपत्र परदेशी, आडनाव ओळखीचे

बेळ्ळंदूरच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात गणेशोत्सवाच्या आरतीला उभ्या असलेल्या मुलांकडे पाहिले, तर त्यांतील काहींची पारपत्रे अमेरिकी असतात. आईवडील पुण्याचे, नागपूरचे किंवा हुबळीचे. शिक्षण संपवून कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीला गेलेले. मुले तेथे जन्मल्याने जन्मतःच अमेरिकी नागरिक झालेली. वृद्ध आईवडिलांची काळजी, ग्रीन कार्डाची न संपणारी प्रतीक्षा, २००८ ची मंदी किंवा त्याच कंपनीच्या बेंगळुरू शाखेत मिळालेली बढती, अशी परतण्याची कारणे असतात. मराठी कुटुंब पुण्याऐवजी बेळ्ळंदूरला का उतरते, याचे उत्तर बहुतेक वेळा या शेवटच्या कारणात असते. व्हाइटफील्डचे ‘पाम मेडोज’ हे संकुल अमेरिकी उपनगराच्या धर्तीवरील घरांमुळे परतलेल्या भारतीयांचे गाव म्हणून २००० च्या दशकात अमेरिकी वृत्तपत्रांतही गाजले. बाह्यवळण रस्त्यावर तशीच संकुले नंतर उभी राहिली.

भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. अशा लोकांसाठी २००५ च्या दुरुस्तीने ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’ अर्थात ओसीआय ही व्यवस्था आली आणि जानेवारी २००६ पासून कार्डे देण्यास प्रारंभ झाला. नावात ‘नागरिक’ हा शब्द असला तरी हे नागरिकत्व नव्हे. तो आजीव व्हिसा आहे, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. कार्डधारकाला कितीही काळ राहता येते, नोकरी करता येते, सदनिका घेता येते आणि नोंदणी कार्यालयाकडे जावे लागत नाही. त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, मतदान करता येत नाही आणि सरकारी नोकरीही सामान्यतः मिळत नाही. पत्रकारिता, संशोधन किंवा धर्मप्रसार करायचा असल्यास विशेष परवानगी लागते.

या व्यवस्थेचा खरा चटका पालकांना बसला तो ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने. तिच्यानुसार वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि अशाच अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी ओसीआय विद्यार्थ्याला केवळ अनिवासी भारतीयांसाठीच्या जागा खुल्या राहिल्या. पहिलीपासून बेंगळुरूत शिकलेल्या मुलालाही ज्या जागांचे शुल्क कितीतरी पट अधिक असते, त्या रांगेत उभे राहणे भाग पडले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्णय दिला की ही अट त्या तारखेनंतर कार्ड मिळवलेल्यांनाच लागू होईल. त्याआधीच्या मुलांना दिलासा मिळाला; नंतर परतलेल्या कुटुंबांपुढे मात्र प्रश्न कायम आहे. परदेशी पारपत्र ही केवळ सोय असते, असे ज्यांना वाटते त्यांनी या पालकांना विचारावे.

अमेरिकी पारपत्राचे दुसरे ओझे कराचे. अमेरिका आपल्या नागरिकाच्या उत्पन्नावर, तो जगात कुठेही राहत असला तरी, कर आकारणी करते. बेळ्ळंदूरमध्ये राहून रुपयांत पगार घेणाऱ्या अमेरिकी नागरिकालाही दरवर्षी अमेरिकेत विवरणपत्र भरावे लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात जुलै २०१५ मध्ये झालेल्या करारानुसार भारतीय बँका अशा खात्यांची माहिती पुरवतात. ब्रिटनची करआकारणी वास्तव्यावर आधारित असल्याने ब्रिटिश नागरिकाची या त्रासातून बहुतांशी सुटका होते. दुबईत लाखाहून अधिक ब्रिटिश का राहतात, याचाही उलगडा येथे होतो. संयुक्त अरब अमिरातीत वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही.

एकाच वॉर्डातील दोन परके

परदेशातून आलेल्या माणसासाठी आपल्याकडे ‘एक्सपॅट’ हा शब्द रुळला आहे आणि गावाकडून किंवा शेजारच्या राज्यातून आलेल्यासाठी ‘स्थलांतरित’. बेळ्ळंदूरमध्ये हे दोघे एकमेकांपासून फार दूर राहत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये बेळ्ळंदूरजवळच्या करियम्मन अग्रहार येथील झोपड्यांवर, तेथे बेकायदा बांगलादेशी राहतात अशा आरोपानंतर, बुलडोझर चालला. प्रत्यक्षात तेथील रहिवासी आसाम, त्रिपुरा आणि उत्तर कर्नाटकातून आलेले मजूर, पहारेकरी आणि घरकामगार असल्याचे पुढे आले. अनेकांनी भारतीय ओळखपत्रे दाखवली. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेले आणि पुढील कारवाईला स्थगिती मिळाली. आपल्याच देशातील नागरिकाला परदेशी ठरवून घराबाहेर काढले जाते, त्याच परिसरात खरोखरीच्या परदेशी नागरिकाला पहारेकरी सलाम करतो. तो पहारेकरी बहुधा याच झोपड्यांतून येतो.

पाणी

घराचे भाडे आणि संकुलाची भिंत यांनी माणसे वेगळी केली, तरी पाणी ती भिंत मानत नाही. शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी अनेक वर्षे बेळ्ळंदूरच्या तळ्यात येत राहिले. २०१५ मध्ये फेस रस्त्यावर उडाला. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये तळ्याला आग लागली. दुसऱ्या आगीच्या वेळी ती विझवण्यासाठी लष्कराचे जवान बोलवावे लागले. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१८ मध्ये कर्नाटक सरकारला ५० कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि तळ्याच्या कामासाठी ५०० कोटी रुपये वेगळे ठेवण्यास सांगितले.

२०२२ च्या पावसाळ्यात उलटे घडले. तळी आणि त्यांना जोडणारे नाले बुजवून बांधकामे झाल्याने ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाह्यवळण रस्ता पाण्याखाली गेला. सरजापूर रस्त्यावरील बंगल्यांच्या वसाहतींतून रहिवाशांना ट्रॅक्टर आणि होड्यांतून बाहेर काढावे लागले. कंपन्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात ३० ऑगस्ट या एकाच दिवसाचे नुकसान २२५ कोटी रुपये असल्याचे म्हटले होते. त्यानंतर दोन वर्षांनी, २०२४ च्या उन्हाळ्यात, याच भागातील संकुले टँकरची वाट पाहत होती. २००७ मध्ये शहरात सामील केलेल्या ११० गावांना कावेरीचे पाणी देणारा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. बेळ्ळंदूर शहरात येऊन तोवर १७ वर्षे झाली होती.

मत कोणाला

अमेरिकेने १७ जानेवारी २०२५ रोजी बेंगळुरूत वाणिज्य दूतावासाचे उद्घाटन केले. त्याआधी शहरातील अमेरिकी नागरिकांची कामे चेन्नईहून चालत. ब्रिटनचे उप-उच्चायुक्तालय शहरात आधीपासून आहे.

परदेशस्थ अमेरिकी नागरिकाला १९८६ च्या कायद्याने आपल्या देशाच्या संघीय निवडणुकांत मतदान करता येते. ब्रिटनने परदेशस्थ नागरिकांवरील १५ वर्षांची मर्यादा जानेवारी २०२४ पासून उठवली. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी लंडन सोडून बेळ्ळंदूरला स्थायिक झालेला ब्रिटिश नागरिक त्या वर्षी जुलैमध्ये ब्रिटिश संसदेसाठी मत देऊ शकला. आपल्या दारातील नाला कोण साफ करणार, हे ठरवणाऱ्या महापालिकेसाठी मात्र त्याला मत नाही. संकुलाच्या रहिवासी संघाच्या सभेत हात वर करणे एवढेच त्याच्या हाती उरते.

त्याच्या शेजारी राहणाऱ्या भारतीय मतदाराची स्थिती या बाबतीत फारशी वेगळी नव्हती. बेंगळुरू महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकांकडे गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये या महापालिकेची जागा बृहत् बेंगळुरू प्राधिकरण आणि पाच नव्या महापालिकांनी घेतली, तोपर्यंतच्या पाच वर्षांत बेळ्ळंदूरच्या एकाही मतदाराला नगरसेवक निवडण्याची संधी मिळाली नाही.